पानं वाढेपर्यंत

...हाडाची एक कपची, नखाच्या टोकाएवढी, अंगठ्याच्या पेरात रुतून बसलेली, आणि तिच्या कडेला रक्ताचा एक थेंब, वर यावं की आत राहावं अशा विचारात थांबल्यासारखा. आपलं रक्त की बकऱ्याचं, ते पातेल्यातल्या त्या गुलाबी पाण्यात कळायला मार्ग नव्हता. तिनं अंगठा नळाखाली धरला. 'आई गं' म्हणायची सोय नव्हती; दुखणंसुद्धा दुपारपर्यंत राखून ठेवायचं. कपची नखानं उचकटून तिनं सिंकच्या कडेला ठेवली, आणि तिला वाटलं, हे असंच व्हायचं... बोथट सुरा चालवला की हाड कापलं जात नाही, फुटतं, आणि फुटलेलं हाड कुणाला ना कुणाला टोचल्याशिवाय राहत नाही.

"मांडीचं आणा. समोर उभं राहून तोडून घ्या. मानेचं नको, चरबी घालू देऊ नका, आणि नळ्या मागून घ्या," असं तिनं काल संध्याकाळी, बोलायची मुभा असताना, नवऱ्याला शब्द न् शब्द सांगितलं होतं. आणि त्यानं मानेचं आणलं होतं. दुकानात तो कसा उभा राहिला असेल ते तिला इथं नळासमोर लख्ख दिसत होतं — पिशवी पुढे धरून, जरासा बाजूला, मागून आलेल्यांना आधी जाऊ देत, आणि मग ते ठरलेलं वाक्य : "द्या हो चांगलं बघून." चांगलं बघून द्या म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला जगातल्या कुठल्याच खाटकानं आजवर चांगलं दिलेलं नाही. खाटीक त्याला ओळखून होता. न्हावी ओळखून होता, हापिसातला शिपाई ओळखून होता. धाकटा भाऊ तर पाळण्यात असल्यापासून ओळखून होता.

आणि मीही ओळखून आहे. पण उशिरा. नेहमी सकाळी.

तिचं मौन उठल्यापासून दुपारची पानं वाढेपर्यंत असे. शेवटचं पान वाढून झालं की उभ्यानं एकदा मोठ्यानं देवाचं नाव घ्यायचं, आणि मग जगाशी बोलायला मोकळं. तोवर बोलायचं नाही, लिहून सांगायचं नाही, खूण करायची नाही. मान हलवायचीसुद्धा नाही, कारण मान हलवली की ते बोलणंच झालं, नुसतं भित्र्याचं बोलणं. हे नियम तिला कुणी घालून दिले नव्हते. एके वर्षी घसा धरला, डॉक्टरांनी आत बॅटरी घालून पाहिलं आणि गाठी आल्यात म्हणाले, महिनाभर एक अक्षर काढायचं नाही. पहिले काही दिवस जीव घुसमटला. आणि मग एका सकाळी, मागच्या खोलीत, शिवणाच्या मशीनशेजारच्या फळीवर दिवा लावताना — काय झालं ते सांगता येत नाही, सांगायला गेलं की ते लहान होतं — पण इतकी वर्षं आपण ज्याच्याशी बडबडत होतो तो इतका वेळ आपलं बोलणं संपायची वाट पाहत बसला होता, असं काहीसं. मला रडू आलं. आवाज न करता रडायचं होतं, तेही जमलं. महिना संपला, घसा बरा झाला, पण ती अर्धी सकाळ तिनं परत दिली नाही. देवाची म्हणून ठेवून घेतली.

घरानं ती सवय करून घेतली. घर कशाचीही सवय करून घेतं. आणि नवऱ्यानं तर त्याच्याही पुढे जाऊन... हे ध्यानात यायला तिला किती दिवस लागले! अवघड गोष्ट म्हणून जी काही असेल ती तो सकाळी सांगायचा. तिच्या आईचं लाकडी कपाट त्यानं आपल्या चुलतबहिणीला देऊन टाकायचं ठरवलं, ते सकाळी सांगितलं. तिच्या बहिणीच्या मुलीच्या लग्नाला आपल्याला जाता येणार नाही, ते सकाळी सांगितलं. दुपारी पानं वाढून तिनं तोंड उघडेपर्यंत ती गोष्ट जुनी झालेली असे, तिच्यावर साय धरलेली असे, आणि तो मान वर करून भाबड्यासारखा म्हणे, "अगं, सकाळी सांगितलं तेव्हा तू काही म्हणाली नाहीस."

आजही. चहाचा कप हातात, खांदा दाराच्या चौकटीला टेकलेला, नजर ओट्यावरच्या कांद्यांवर.

"अगं, धाकटा येतोय जेवायला ते तुला माहीतच आहे. त्याची बायको पण येतेय. म्हणजे... जेवायला येतायत, पण तसं म्हटलं तर राहायलाच येणारेत. आज नाही, आज नाही! पुढं. त्यानं नोकरी सोडली ना, मालकाशी वाजलं त्याचं. मागची खोली मोकळी करता येतेय का ते बघायचंय फक्त. बघायचंच नुसतं." मग चहाचा घोट. मग दुसरा घोट. मग, कप खाली ठेवता ठेवता, "तुझी काही हरकत असली तर सांग हं."

सांग हं!

ती कांदा चिरत राहिली. उभा, बारीक, एकसारखा. सुरी चिरायच्या फळीवर आपटत होती, आणि त्या आवाजाला एक बरं होतं, तो आवाज मौनात मोजला जात नाही.

मटणाला हळद, मीठ, आलं-लसूण चोळून तिनं बाजूला ठेवलं. धने भाजले, मिरी, लवंगा, दालचिनीचा तुकडा, सुक्या मिरच्या, खोबरं तांबूस होईस्तोवर. खमंग वास उठला तेव्हा एरवी जसं आपोआप नाम सुरू व्हायचं — उलथन्याचा एक फेरा, एक नाम, एक फेरा, एक नाम. अशानं तिच्या हातचं काही करपत नसे, लोकांना वाटे हाताला चव आहे — तसं आजही सुरू झालं. पण पहिलं अक्षर देवाचं यायचं आणि पुढचं भलतंच काही. खोली. उलथनं. खोली. माझी मशीन, माझी फळी. भिंतीकडे उघडणारी ती खिडकी, जिच्यातून शेजारच्या इमारतीचे पाइप सोडून काहीच दिसत नाही आणि जिच्यापुढे बसून मी अर्ध्या वस्तीच्या पँटी आखूड केल्या, पडद्यांना अस्तरं लावली, आणि दोऱ्याच्या रिळांच्या डब्यामागे दिवा लावला. या घरातली ती एकच खोली अशी होती की तिचं दार लावलं तर कुणी 'काय झालं' विचारत नसे. धाकटा आणि त्याची बायको त्या खोलीत झोपणार. त्या फळीवर मोबाइल चार्जिंगला लावणार.

खोबरं एका बाजूनं काळं झालं. तिनं तेवढे तुकडे वेचून काढले. काढताना बोट भाजलं, तेही राखून ठेवलं.

ती दोघं आली तेव्हा कांदा तांबूस होऊन त्यात वाटण पडलं होतं. धाकट्याचा आवाज आधी आला, मग चपलांचा, मग तो स्वतः स्वयंपाकघराच्या दारात. पोट सुटलेलं, हसणं मात्र तेच, कॉलेजातून यायचा आणि पातेल्याचं झाकण उघडून उभ्या उभ्या बोटी काढून खायचा तेव्हाचं.

"काय मुक्या वहिनी! आज तरी बोला! नाही? बरं, वास बोलतोय तुमच्या वतीनं." आणि नाकानं लांब श्वास घेऊन, "दादा, अरे या वासासाठी माणूस घर सोडून यायला तयार होईल रे."

"ये की मग," बाहेरून नवरा.

दोघं हसले. एकाच घरातली दोन माणसं एकाच वेळी सारखी हसतात तेव्हा तिसऱ्या माणसाला आपण त्या घरातले नाही हे नक्की कळतं.

आणि हाच तो, ज्याच्या परीक्षेच्या दिवसांत ती पहाटे उठून डबा करायची. सासूबाईंच्या दुखण्यात तो तिच्या पायाशी बसून रडला होता. तेव्हा तो तिचाच होता थोडासा. ते आठवलं म्हणून राग कमी होईल असं कुणाला वाटत असेल तर त्या माणसाला रागातलं काही कळत नाही. परक्यावरचा राग भुर्रकन जळून जातो. खाऊ घातलेल्या माणसावरचा राग मंद आचेवर शिजतो, झाकण ठेवून.

मटण घालून तिनं परतलं, तेल सुटेपर्यंत, आणि मग पातेल्यावर खोलगट झाकण ठेवून झाकणात पाणी ओतलं. आईची पद्धत. कुकर तिला आवडत नसे, तीन शिट्ट्यांत शिजलेल्या मटणाला स्वतःचं काही म्हणणंच उरत नाही. खालच्या वाफेनं झाकणातलं पाणी तापायचं, आणि रस्सा आटत आला की तेच कढत पाणी आत सोडायचं. "शिजत्या मटणावर गार पाणी म्हणजे हळव्या माणसाला टोमणा," आई म्हणायची, "जे आवळून बसतं ते सोडतच नाही मग. बस दुपारभर फुंकत."

मागच्या खोलीतून सर्रर्र असा आवाज आला, आणि मग खाडकन. पुन्हा सर्रर्र... खाडकन.

मोजपट्टी. धाकटा लोखंडी मोजपट्टी घेऊन आला होता. 'बघायचंच नुसतं' म्हणून आलेला माणूस खिशात मोजपट्टी घालून आला होता.

"दादा, ते टोक धर. कोपऱ्यात लाव, कोपऱ्यात. हां. इथं पलंग. कपाट त्या भिंतीला. ही फळी काढावी लागेल, पलंगाला आडवी येतेय."

"काढू की. दोन खिळे तर आहेत."

"आणि मशीन?"

तिचा हात डावावर थांबला. बोल. एकदा तरी. तुझ्या तोंडून, माझ्या नाही. मला निदान हे कळू दे की—

"मशीन काय, बाल्कनीत राहील," नवरा म्हणाला. "उजेडही बरा तिथं."

"वहिनींना चालेल?"

"तिला काय, तिला देवासमोर बसायला कोपरा मिळाला की झालं."

सर्रर्र. खाडकन.

झाकणातलं पाणी आता तळाला बुडबुडे धरत होतं. तिनं फडक्यानं झाकण उचललं. वाफ तोंडावर आली. रस्सा कडेकडेनं लालबुंद, मधे रटरटत, मटणाचे तुकडे हलत होते जणू जिवंत. आत सोडायचं ते कढत पाणी तिनं सिंकमध्ये ओतून दिलं. शांतपणे, झाकण वाकडं करून, शेवटच्या थेंबापर्यंत. मग नळ सोडला, तांब्या भरू दिला, आणि तो गार तांब्या उकळत्या रश्श्यावर उपडा केला.

रस्सा गप्प झाला.

एकदम. भांडणात कुणीतरी थोबाडीत मारल्यावर सगळे गप्प होतात तसा. मटणाचे तुकडे हलायचे थांबले, तेल गोठल्यासारखं कडेला सरकलं. आणि तिला — देवा, हे मी तुझ्यापाशी नाही तर कुणापाशी बोलणार — तिला इतकं बरं वाटलं! सकाळपासून पहिल्यांदा श्वास पोटापर्यंत गेला. चाव आता. चाव माझ्या हातचं. दाढा दुखेपर्यंत चाव, आणि तोंडावर गोड बोल. गॅस मोठा करून तिनं झाकण घट्ट बसवलं, पुन्हा झाकणात पाणी ठेवलं (सवयीनं, पाणी काही बोलत नाही) आणि तांदूळ धुवायला घेतले. तांदळात बोटं फिरवताना तिच्या लक्षात आलं, नाम थांबलंय. कधीपासून ते कळलं नाही.

"ताई, कोशिंबिरीला काकडी मी चिरू?"

धाकटी जाऊ. दारात उभी राहून विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता चिरायची फळी ओढली, मौनाच्या माणसाशी बोलायची हीच रीत म्हणायची. नखांना गुलाबी रंग, केस आत्ताच विंचरलेले. दातांच्या डॉक्टरांकडे बाहेरच्या काउंटरवर बसायची ती, म्हणून की काय, बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे पाहायची.

"तुमचं बरं आहे बाई, ताई. बोलायचंच नाही म्हणजे खोटंही बोलायला नको. मला एक दिवस द्या तुमचं ते मौन, यांनाच भेट देते." काकडी सोलली जात होती, जाड जाड, अर्धा गर सालाबरोबर. पाहवेना. "आमच्या डॉक्टरीणबाई म्हणतात, तोंड उघडल्याशिवाय कीड कळत नाही. आता हे धंद्याचं बोलणं, पण खरंय की नाही?"

आली. आता पहिलं वाक्य येईल खोलीचं. 'किती छान हवा येते नाही मागच्या खोलीत.' नाहीतर, 'पडद्याचा रंग बदलूया का?' ती तयार होती. या बाईविरुद्ध तिनं सकाळपासून मनात पुष्कळ साठवलं होतं, व्यवस्थित घडी घालून. ती साल काढायची पद्धत. लग्नानंतर पहिल्यांदा घरी आली तेव्हा देवापुढच्या दिव्यावर उदबत्ती पेटवताना मारलेली ती फुंकर. ही माझ्या फळीच्या जागी झोपणार...

सुरी थांबली.

"ताई, एक सांगू? रागावणार नाही ना? आता रागावलात तरी मला कळणार कुठं, म्हणा." जाऊ हसली, आणि ते हसू मधेच कुठंतरी पडलं. बाहेरच्या खोलीकडे पाहून तिनं आवाज खाली घेतला. "मला नाही यायचं हो इथं."

तांदळाच्या पातेल्यात पाणी पांढरं झालं होतं. तिनं ते ओतलं नाही.

"तुमच्यामुळं नाही, शप्पथ. पण माझं सगळं तिथं आहे. काउंटर आहे, मैत्रिणी आहेत. सकाळी मी कुलूप उघडते दवाखान्याचं, माझ्याकडे किल्ली असते. इथं येऊन मी काय करू? यांना म्हटलं, तर म्हणतात, दादाला शब्द दिलाय. दादांना विचारावं, तर ते म्हणतात, धाकट्याची इच्छा आहे. दोघं एकमेकांच्या डोक्यावर टोपी ठेवतात आणि मला टोपलीत घालून आणतात, कोंबडी आणल्यासारखी." तिनं नाक वर ओढलं. "तुम्ही नाही म्हणा ना. तुम्ही एकदा नाही म्हटलंत की विषय मिटला. तुम्ही देवाधर्माच्या, तुम्हांला कोण काय बोलणार? मी म्हटलं तर मी घर फोडणारी."

असं! म्हणजे वाईटपणा मी घ्यायचा आणि ही नामानिराळी. माझ्या तोंडातून हिचं 'नाही' काढायचं. नवऱ्याला माझं मौन हवं, हिला माझा आवाज हवा. मी कुणालाच नको. तिच्या मस्तकात रक्त चढलं. पण त्या रागाखाली एक विचित्र घसरण होती, पायरी आहे समजून पाय टाकावा आणि पायरी नसावी, तशी. सकाळपासून ती जिला फाडून खात होती ती बाई इथं नव्हतीच. इथं एक घाबरलेली पोर होती, तिच्याही खिशातून कुणीतरी एक किल्ली काढून घेत होतं. आणि हे कळल्यावर मन हलकं व्हायला हवं होतं, तर उलट जास्तच चिडलं. मनासारखा वैरी मिळायलाही नशीब लागतं!

"नुसती मान हलवा," जाऊ कुजबुजली. "हो की नाही एवढंच. मी कुण्णाला सांगणार नाही."

मान. एवढीशी, डावीकडून उजवीकडे. देव काय मोजपट्टी घेऊन बसलाय? तिच्या मानेच्या शिरा ताठल्या, तिला त्या जाणवल्या, एक डावी, एक उजवी... आणि ती हलली नाही. नियम म्हणून हलली नाही? की या पोरीला इतक्यात सुटका मिळू नये म्हणून? हे तिला कळलं नाही, आणि कळत नाही हे तिनं पाहिलं, आणि तांदळाचं पाणी ओतून दिलं.

जाऊनं थोडी वाट पाहिली. मग उरलेली काकडी चिरली.

"बरं बाई," ती उठताना म्हणाली, रागानं नाही, थकून. "देवाचं ते देवाचं."

भात झाला. मोकळा, पांढरा, वरून छिद्रं पडलेला. मटण झालं नव्हतं. डावात एक तुकडा घेऊन तिनं कडेला दाबला. तो तुटला नाही, घसरला. आणखी थोड्या वेळानं पुन्हा दाबला. रबर. आईचं बोलणं खरं होत होतं, आवळून बसलेलं सोडत नव्हतं. आणि तेव्हा, डाव हातात धरून, तिला सगळा हिशेब उलटा दिसला. मटण शिजेपर्यंत पानं नाहीत. पानं वाढेपर्यंत तोंड नाही. त्या गार तांब्यानं तिनं दुसऱ्या कुणाचं नाही, स्वतःचंच तोंड बांधून घेतलं होतं, आणि गाठ रश्श्याच्या तळाशी बसली होती.

बाहेर पुरुष भुकेजले की बोलतात तसं मोठ्यानं बोलत होते.

"वहिनी, वास कधीचा आलाय, ताट कुठं अडलं?"

"येईल रे. ती घाई करत नाही."

"मग ठरलं ना, दादा? जेवण झालं की आमच्या घरमालकाला फोन टाकतो, जागा सोडतो म्हणून. त्याच्याकडे भाडेकरू तयारच आहे, मी हो म्हटलं की आजच त्याला कळवेल तो. मग परत फिरणं नाही हां. वहिनींचं नक्की ना?"

"तिचं काय? तिला सकाळीच सांगितलं मी."

"काय म्हणाल्या?"

"काही म्हणाली नाही."

"काही म्हणाली नाही!" धाकटा खदखदून हसला. "वा! असं घर पाहिजे."

जाऊ हसली नाही. हसली असती तर ऐकू आलं असतं.

काही म्हणाली नाही. ओट्याला टेकून ती ते वाक्य ऐकत राहिली, बोलणं थांबल्यावरही. ते खोटं नव्हतं. हीच तर त्याची करामत, तो कधी खोटं बोलत नसे. पण आज त्या वाक्याला आणखी एक बाजू दिसत होती आणि ती पाहायची तिची इच्छा नव्हती. कपाटाच्या वेळी, लग्नाच्या वेळी, दुपारी पानं वाढून झाल्यावर तोंड मोकळं होतंच की. साय धरली म्हणून काय झालं, साय बोटानं बाजूला करता येते. मी केली नाही. मी देवाचं नाव घेतलं आणि म्हटलं, मीठ हवं का कुणाला. आणि मग रात्रभर कुशीवर वळून वळून त्या माणसाला शिव्या घातल्या, मनात, चविष्टपणे. त्याला बिचाऱ्याला वाटलं असेल हिची हरकत नाही. बिचारा! शब्द आपोआप आला आणि तिला तो थुंकून टाकावासा वाटला.

आणखी थांबलं तर मटण शिजेल. थांबलं तर ते भुकेनं चिडतील, धाकटा म्हणेल, तोवर फोन उरकून टाकतो. न थांबता तोंड उघडलं तर मौन मोडेल, इतक्या वर्षांत न मोडलेलं. घशाला पट्टी बांधलेल्या दिवसांतही न मोडलेलं. आणि वाढलं तर? कच्चं वाढलं तर? पानं वाढली म्हणजे वाढली. त्यात मटण शिजलेलं हवं असं व्रतात कुठं आहे? तिला स्वतःचीच शिसारी आली : देवाशी ही असली घासाघीस, खाटकासमोर उभं राहून करायची ती. पण हात तोवर ताटं काढत होते.

भाताचे ढीग. शेजारी काकडी, जाड चिरलेली. वाट्यांत रस्सा, वर लाल तवंग, इतका देखणा की कुणालाही वाटावं आत सगळं मऊ आहे. मानेचे तुकडे तिनं निवडून घातले नाहीत. जे डावात आलं ते. टेबलावर चार ताटं ठेवली, शेवटचं आपलं. पाण्याचे पेले. लिंबाची फोड. आता वाढायचं काही उरलं नाही हे तिनं पुन्हा पुन्हा पाहिलं, उरलं असतं तर बरं झालं असतं अशा नजरेनं.

खुर्चीमागे उभी राहून तिनं मोठ्यानं देवाचं नाव घेतलं. घसा खरखरला. सगळे क्षणभर थांबले, रोजच्यासारखे, आणि नवरा "हं, करा सुरू" म्हणाला, आणि त्यांनी घास घेतले.

धाकट्यानं पहिला तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि मान डोलावली. ते मान डोलावणं वासाला होतं. मग तो चावू लागला. डावीकडे चावलं, उजवीकडे घेतलं. डोळे उघडले. काहीतरी बोलायला म्हणून त्यानं हनुवटी वर केली, पण तोंडातलं संपेना. त्यानं हातानं 'थांबा' अशी खूण केली आणि चावत राहिला. नवऱ्याचा एक गाल फुगला होता. तो कशावरही तक्रार न करणारा माणूस, तो गिळायचा प्रयत्न करत होता, आख्खाच्या आख्खा, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. जाऊ हळूहळू चावत होती, ओठ मिटून, आणि तिच्याकडे पाहत होती. तिच्या तोंडाकडे.

टेबलावर जबड्यांचा आवाज सोडून आवाज नव्हता. बोलू शकेल असं त्या खोलीत एकच माणूस होतं.

बोल. हेच हवं होतं ना? तिनं ओठ उघडले. सकाळपासून रचलेलं सगळं आत होतं, एकावर एक : कपाट, लग्न, मोजपट्टी, फळीचे दोन खिळे, 'तिला काय', 'काही म्हणाली नाही'. बंद असताना ते किती मोठं होतं, देवळाएवढं. आणि आता त्यातून बाहेर काढायचं ते एक साधं वाक्य होतं, मी खोली देणार नाही, साध्या आवाजात, भाताच्या वाफेतून, तोंडात घास असलेल्या माणसांना. त्यावर कुणीतरी 'का?' म्हणणार. त्यावर पुन्हा बोलावं लागणार. मग पुन्हा. देवाधर्माची बाई कुणी राहणार नाही, नाही म्हणणारी एक बाई राहील फक्त, आणि तिच्याशी कुणीही भांडू शकेल. उघडलेले ओठ तिनं पुन्हा मिटले. हा राग नव्हता, भीती होती. इतकी वर्षं तिला वाटलं होतं की खाली राग आहे, तळापर्यंत रागच आहे.

धाकट्याचा डावा हात ताटाशेजारच्या फोनवर सहज विसावला होता. तो अजून चावत होता. पण संपत आलं होतं, गळा हलला.

ती खुर्चीची पाठ धरून उभी होती. देवाचं नाव घेऊन झालं होतं. पानं वाढून झाली होती. व्रत संपलं होतं, किती वेळ झाला कुणास ठाऊक, आणि खोलीत अजून सगळं गप्प होतं. ती गप्प होती. तिला हे आत्ता, उभ्या उभ्या कळत होतं की हे गप्प राहणं कुणी घालून दिलेलं नाही, घशानं नाही, देवानं नाही; यातला क्षण न् क्षण तिचा स्वतःचा होता, आणि पुढचाही, आणि त्याच्यापुढचाही...